महिना सहा डॉलरची शाळा, गुंतवणूकदार झुकरबर्ग आणि जागतिक बँक : केनियातल्या 'ब्रिज' शाळांचं नेमकं काय झालं?

नैरोबीतली मुकुरू झोपडपट्टी. २००९ मध्ये इथे एक शाळा सुरू झाली. पत्र्याचं छप्पर, लाकडी खांब, खिडकीच्या जागी जाळी. दिसायला आजूबाजूच्या घरांसारखीच.

पण पुढच्या काही वर्षांत या शाळेच्या कंपनीत कोणाकोणाचे पैसे लागले, ते बघा. बिल गेट्स, मार्क झुकरबर्ग, ईबेचे संस्थापक पियरे ओमिड्यार, ब्रिटनची पिअर्सन आणि जागतिक बँक समूहातली आयएफसी. एकट्या आयएफसीचे १ कोटी ३५ लाख डॉलर.

कंपनीचं नाव ब्रिज इंटरनॅशनल अकॅडमीज. गरिबांच्या मुलांना चांगलं शिकवून नफाही कमावता येतो, असा तिचा दावा होता.

सरकारी शाळा असताना फी कोण भरणार?

भरणारे होते. केनियाने २००३ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत केलं आणि १० लाखांहून जास्त मुलं एकदम शाळेत आली. शिक्षक आणि खोल्या मात्र त्या वेगाने वाढल्या नाहीत. वर्ग तुडुंब भरले. झोपडपट्ट्यांमध्ये तर अनेक ठिकाणी जवळपास सरकारी शाळाच नव्हती. त्यामुळे ब्रिज यायच्या आधीपासूनच तिथे गल्लीबोळात छोट्या खासगी शाळा चालायच्या, आणि रोजंदारीवरचे आईबाप पोटाला चिमटा काढून फी भरायचे.

ब्रिजने हा बाजार हेरला. फी महिना साधारण सहा डॉलर, तीही मोबाइलवरून. (जेवण, गणवेश, परीक्षा धरली तर खर्च बराच वर जातो, असा शिक्षक संघटनांचा कायम आक्षेप होता.)

एवढ्या फीत शाळा चालायची कशी?

शाळेचा सगळ्यात मोठा खर्च म्हणजे शिक्षकाचा पगार. ब्रिजने तिथेच कात्री लावली. माध्यमिक शाळा पास झालेले स्थानिक तरुण घेतले, काही आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं आणि हातात टॅबलेट दिला. आज काय बोलायचं, फळ्यावर काय लिहायचं, प्रश्न कधी विचारायचा, सगळं त्यावर आयतं. एकाच इयत्तेचा एकच धडा त्या दिवशी सगळ्या शाळांमध्ये.

टॅबलेट आणखी एक काम करायचा. शिक्षक किती वाजता आला, धडा कुठवर पोहोचला, याची नोंद मुख्यालयाला मिळायची. सरकारी शाळांमध्ये शिक्षकांची गैरहजेरी ही मोठी डोकेदुखी होती, त्यामुळे गुंतवणूकदारांना ही गोष्ट फार आवडली.

एका शाळेमागे सुटणारा पैसा अगदी किरकोळ. म्हणून गणित जमवायला लाखो विद्यार्थी हवेत, आणि लाखो विद्यार्थ्यांसाठी भराभर शाळा. काही वर्षांतच केनियात ब्रिजच्या ४०० च्या वर शाळा झाल्या.

मुलं खरंच शिकली का?

हो. आणि टीकाकारांना हे मान्य करणं जड गेलं.

नोबेल विजेते अर्थतज्ज्ञ मायकल क्रेमर आणि सहकाऱ्यांनी ब्रिजच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज केलेल्या १० हजारांहून जास्त मुलांचा अभ्यास केला. शिष्यवृत्ती कोणाला, हे सोडत काढून ठरलं होतं. म्हणजे हुशार किंवा जरा बऱ्या घरची मुलं मुद्दाम निवडली, असं म्हणायला जागा नाही. २०२२ मध्ये निष्कर्ष आले. दोन वर्षांत प्राथमिकची मुलं इतरांच्या जवळपास ०.८९ वर्ष पुढे होती. बालवाडीची १.४८ वर्षं पुढे. शिक्षणावरच्या प्रयोगांमध्ये एवढा फरक क्वचितच दिसतो.

मग बिनसलं कुठे?

आधी युगांडात. तिथे कंपनीने ६३ शाळा उघडल्या होत्या. परवाने नाहीत, स्वच्छता आणि इमारतींचे निकष पाळलेले नाहीत, म्हणून सरकारने त्या बंद करायला सांगितलं आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली.

केनियातलं प्रकरण जास्त गंभीर आहे. २०१८ मध्ये तिथल्या एका मानवी हक्क संघटनेने काही पालक आणि शिक्षकांच्या वतीने आयएफसीच्या तक्रार यंत्रणेकडे धाव घेतली. ही यंत्रणा सीएओ नावाने ओळखली जाते. तक्रार होती कामाच्या अटी, शाळांची नोंदणी आणि मुलांच्या आरोग्य-सुरक्षेबद्दल. पण २०२० च्या सुरुवातीला सीएओचे लोक प्रत्यक्ष केनियात गेले, तेव्हा वस्तीतल्या लोकांनी वेगळंच सांगितलं : शाळांमध्ये मुलांवर लैंगिक अत्याचार झाले आहेत. त्यावर सीएओने स्वतंत्र चौकशी सुरू केली.

इतर शाळांच्या तुलनेत आपल्याकडे मुलं जास्त सुरक्षित आहेत, असं कंपनीचं म्हणणं होतं. सीएओच्या अहवालाचा रोख मात्र आयएफसीवर होता. पैसे गुंतवताना आणि नंतरही, मुलांवर असे अत्याचार होऊ शकतात हा धोका आयएफसीने तपासलाच नाही, असं त्यात म्हटलं आहे. हजारो लहान मुलं, वेगाने भरती झालेले नवखे शिक्षक, गरीब वस्ती. हा धोका ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. धडा कुठवर आला हे कळत होतं, वर्गात मुलाशी कोण कसं वागतंय हे टॅबलेटवर उमटत नव्हतं.

गुंतवणूकदारांनी काय केलं?

चौकशी सुरू असतानाच, मार्च २०२२ मध्ये आयएफसीने आपला हिस्सा काढून घेतला. त्याच वर्षी फी घेणाऱ्या खासगी शाळांमध्ये यापुढे पैसे गुंतवणार नाही, असंही जाहीर केलं. आता खरा पेच इथे आहे. शेअर विकले की जबाबदारी संपते का? आणि पैसाच काढून घेतला, तर कंपनीला सुधारायला लावणार कोण?

मार्च २०२४ मध्ये जागतिक बँकेच्या संचालक मंडळाने एक कृती आराखडा मंजूर केला. अत्याचार झालेल्यांना समुपदेशन आणि वैद्यकीय मदत, तीही १० वर्षांपर्यंत. बँकेचे अध्यक्ष अजय बंगा (हो, जन्माने पुण्याच्या खडकीचे) यांनी मुलांना जे सोसावं लागलं त्याबद्दल माफी मागितली. गुंतवणूक झाली तेव्हा ते बँकेत नव्हते. पीडितांसाठी लढणाऱ्या संघटनांची मागणी थेट नुकसानभरपाईची होती आणि आराखडा अपुरा असल्याची त्यांची तक्रार आहे.

ब्रिजच्या मूळ कंपनीने, म्हणजे न्यूग्लोबने, दरम्यान रस्ता बदलला. पालकांकडून फी घेण्यापेक्षा सरकारांशी करार करायचे आणि सरकारी शिक्षकांच्या हातात टॅबलेट द्यायचा. नायजेरियाच्या एडो राज्यात २०१८ पासून हेच सुरू झालं. तिथे शाळा सरकारची, शिक्षक सरकारचे आणि पगारही सरकारचा. कंपनीकडे फक्त धडे आणि नोंदी.