व्यापारासाठीं मदत : रवांडांतील कॉफीचें उदाहरण

एखाद्या श्रीमंत राष्ट्रानें गरीब राष्ट्रास मदत केली असें वर्तमानपत्रांत वाचलें कीं आपल्या डोळ्यांपुढें बहुधा धान्याचीं पोतीं, औषधांच्या पेट्या, नाहीं तर शाळेची नवी इमारत उभी राहते. अशी मदत थोर आहेच; तिजविषयीं आम्हांस कांहीं उणें बोलावयाचें नाहीं. परंतु दुसऱ्याही एका प्रकारची मदत जगांत चालू असून तिची माहिती आपल्याकडे फारशी कोणास नसते. ही मदत भुकेल्यास भाकर देण्याकरितां नसून, त्याचा माल बाजारांत जाऊन योग्य भावानें विकला जावा एवढ्याकरितां असते. डिसेंबर २००५ मध्यें हाँगकाँग येथें जागतिक व्यापार संघटनेची जी परिषद भरली, तींत ‘व्यापारासाठीं मदत’ या नांवानें तिला रीतसर चालना मिळाली.

हिची गरज कां पडली हें समजण्यास फार खोल जावें लागत नाहीं. युरोपांतील संघटित राष्ट्रांनीं २००१ सालीं अत्यंत गरीब देशांच्या, शस्त्रांखेरीज बहुतेक सर्व मालावरील जकात माफ करण्याचें ठरविलें. दार उघडलें खरें. पण दारापर्यंत चालत जाण्याचें बळ ज्याच्या अंगीं नाहीं त्यास उघड्या दाराचा उपयोग काय? माल हलक्या प्रतीचा, रस्ते वाईट, बंदर दूर, मालाची परीक्षा करण्यास प्रयोगशाळा नाहीं, बँक कर्ज देण्यास तयार नाहीं. जकात शून्य झाली तरी ह्या अडचणी जागच्या जागीं राहतात. त्या दूर कशा होतात, आणि दूर करितांना काय राहून जातें, हें एकाच देशाच्या उदाहरणावरून पाहिल्यास अधिक स्पष्ट होईल. म्हणून आम्ही आफ्रिकेंतील रवांडा हा देश निवडला आहे.

रवांडाचें क्षेत्रफळ सुमारें २६ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणें व सातारा ह्या दोन जिल्ह्यांच्या एकत्रित क्षेत्रफळाइतकें आहे. सारा मुलूख डोंगरउतारांचा. समुद्र कोठेंच नाहीं. कॉफीचें झाड तेथें विसाव्या शतकाच्या आरंभीं, जर्मन अमलांत, ख्रिस्ती मिशनऱ्यांनीं नेलें. देशाच्या नैर्ऋत्येस मिबिरिझी येथील मिशनमध्यें पहिलीं झाडें लागलीं असें सांगतात. पहिल्या महायुद्धानंतर बेल्जियमचा अंमल आला आणि त्या सरकारनें शेतकऱ्यांवर कॉफी लावण्याची सक्तीच केली. जें पीक धाकानें लावावें लागलें त्याविषयीं शेतकऱ्याच्या मनांत जिव्हाळा कोठून असणार! १९६२ सालीं देश स्वतंत्र झाला तरी परदेशी चलन मिळवून देणारें मुख्य पीक कॉफीच राहिलें. पुढें १९८९ मध्यें कॉफीच्या भावास आधार देणारी आंतरराष्ट्रीय कराराची व्यवस्था मोडली व भाव कोसळले. आणि १९९४ सालीं, एप्रिलपासून सुमारें १०० दिवसांत, त्या देशांत जो भीषण वंशसंहार झाला त्यांत सुमारें ८ लक्ष माणसें मारलीं गेलीं. त्यांतील बहुतेक तुत्सी जमातीचीं होतीं. त्याचें वर्णन करण्याचें हें स्थळ नव्हे. मळ्यांची निगा राखणारे हातच नाहींसे झाले, आणि जे उरले त्यांत विधवा फार होत्या, एवढेंच येथें नमूद करितों.

आतां कॉफीकडे वळूं, कारण सारें मर्म तिच्या बींत आहे. आपल्यापैकीं पुष्कळांनीं कॉफी प्याली असेल, पण तिचें फळ पाहिलें नसेल. तें पिकल्यावर लाल होतें, आकारानें आपल्या करवंदाएवढें असतें, आणि त्यांत चिकट गराच्या आवरणाखालीं दोन बिया एकमेकींस चिकटून असतात. फळ तोडल्यावर त्याच दिवशीं साल काढली नाहीं तर तें आंबूं लागतें व तो आंबूस वास बींत उतरतो. ऊस तोडल्यावर कारखान्यांत वेळेवर पोंचला नाहीं तर साखरेचा उतारा घटतो, हें आमच्या शेतकरी पालकांस सांगावयास नको. येथें घाई त्याहूनही अधिक असते. रवांडांतील शेतकरी हें काम घरींच उरकीत असे. दगडानें किंवा लहानशा हातयंत्रानें साल काढावयाची, भांड्यांत बी भिजवावयाची आणि अंगणांत वाळवावयाची. कोणाची बी स्वच्छ, कोणाची कुबट. गांवोगांव फिरणारा व्यापारी सारी एकाच पोत्यांत ओती आणि सर्वांस सारखाच हलका भाव देई. निगा राखणाऱ्यास जर दिडकीही अधिक मिळत नसेल, तर निगा राखावी कोणीं व कशासाठीं?

वास्तविक तेथील झाड उत्तम होतें. बूर्बों नांवाची जुनी, चवदार जात, ज्वालामुखीची सुपीक माती आणि डोंगरावरील थंड हवा हीं सारीं अनुकूल. उणीव होती ती फळ तोडल्यापासून पुढच्या २४ तासांची.

ही उणीव भरून काढण्याचें काम २००१ च्या सुमारास सुरू झालें. अमेरिकन सरकारच्या विकास-साहाय्य संस्थेनें पैसा दिला. मिशिगन स्टेट व टेक्सस ए अँड एम ह्या विद्यापीठांनीं बुटारे येथील राष्ट्रीय विद्यापीठाशीं मिळून ‘पर्ल’ नांवाची योजना चालविली. बुटारेजवळ माराबा येथें शेतकऱ्यांची एक सहकारी संस्था १९९९ मध्यें निघाली होती. तिच्यासाठीं कॉफी धुण्याचें केंद्र उभें राहिलें. असें केंद्र म्हणजे कांहीं मोठा कारखाना नव्हे. झऱ्याचें स्वच्छ पाणी, साल काढण्याचें यंत्र, सिमेंटचे हौद व उंच मांडव एवढाच त्याचा थाट. शेतकरी संध्याकाळपर्यंत लाल फळें आणतात. तीं पाण्यांत टाकलीं कीं पोकळ फळें तरंगतात, तीं काढून टाकतात. साल निघाल्यावर बी हौदांत बारा तासांहून अधिक ठेवितात, म्हणजे चिकट गर सुटतो. मग वाहत्या पाण्याच्या पाटांत ती घोळून धुतात. नंतर जाळीच्या उंच मांडवांवर पसरून, वरचेवर हलवीत, पंधरवडाभर वाळवितात. मांडवाच्या दोन्ही बाजूंस बसून बायका एकेक किडकी बी निवडून टाकतात. आपल्याकडे सुपांत तांदूळ निवडतात तशीच ही नजर लागते. सहा-सात किलो फळांपासून अखेर एक किलो विकण्याजोगी बी हातीं येते.

ह्यापुढची गोष्ट आम्हांस सर्वांत मनोरंजक वाटली. त्या देशांत कॉफी पिकविणाऱ्यांपैकीं फार थोड्यांनीं ती कधीं चाखली होती. लोक चहा पिणारे. जो माल आपण विकतों त्याची चवच ठाऊक नाहीं, तर गिऱ्हाईक भाव पाडूं लागल्यास उत्तर काय देणार? म्हणून योजनेंतील कांहीं पैसा तरुण-तरुणींना चव पारखण्यास शिकविण्यावर खर्च झाला. भाजलेली बी दळून पेल्यांत घालावयाची, वर ऊन पाणी ओतावयाचें, वर आलेला फेंस चमच्यानें फोडून वास घ्यावयाचा, आणि मग चमचाभर द्रव मोठ्यानें भुरका मारून जिभेवर पसरावयाचा. घरीं असा भुरका मारल्यास आई रागावेल, पण ह्या विद्येंत तोच शिष्टाचार आहे! १०० पैकीं ८० किंवा अधिक गुण पडले तर कॉफी विशेष प्रतीची समजली जाते आणि तिचा भाव न्यूयॉर्कच्या बाजारांतील साधारण भावाहून वेगळा ठरतो.

माराबाची कॉफी प्रथम अमेरिकेंतील लुइझियाना संस्थानच्या एका जुन्या व्यापारी पेढीनें घेतली. २००३ सालीं ती इंग्लंडांतील सेन्सबरीच्या दुकानांतून विकली जाऊं लागली. २००८ मध्यें ‘कप ऑफ एक्सलन्स’ ही नामांकित चव-परीक्षा आफ्रिका खंडांत पहिल्यानेंच भरली, ती रवांडांत. इसवी सन २००० मध्यें ज्या देशांत धुण्याचीं केंद्रें एक-दोनच होतीं, तेथें दहा-बारा वर्षांत तीं दोनशेंच्या घरांत गेलीं. हीं सगळींच मदतीच्या पैशानें बांधलेलीं नव्हत. पहिल्या केंद्रांस नफा होतो असें पाहून खासगी व्यापाऱ्यांनीं आपलें भांडवल घातलें, आणि आमच्या मतें मदतीचें खरें यश मोजावयाचें तर तें येथें मोजावें.

एवढ्यावरून सारें गोमटें झालें असें मात्र कोणीं समजूं नये. सुगी मार्चपासून जुलैच्या सुमारापर्यंत चालते. त्या दिवसांत केंद्रास शेतकऱ्याच्या हातावर रोख पैसे ठेवावे लागतात. परदेशचा पैसा येतो तो कित्येक महिन्यांनीं. मधला काळ कर्जावर काढावयाचा. यंत्रें मिळालीं, हौद बांधले, पण खेळतें भांडवल कोठून आणावयाचें व हिशेब कोणीं ठेवावयाचा ह्याचा विचार अनेक ठिकाणीं अपुरा पडला. त्यामुळें पुष्कळ केंद्रें अर्ध्या शक्तीनेंच चाललीं, आणि कित्येक सहकारी संस्था कर्जांत बुडाल्या. भिंत बांधण्यास पैसे देणें सोपें, कारण तिचें छायाचित्र घेतां येतें. हिशेबनीस तयार करणें कठीण. शिवाय एक किडा असा आहे कीं त्यानें फळास डंख केला असतां बीला कच्च्या बटाट्याचा वास येतो; एवढी एक बी सबंध पेल्याची चव घालविते. त्याजवर शास्त्रज्ञ बरीच वर्षें झटत आहेत.

मग रस्ता. राजधानी किगालीहून मोंबासा बंदर सुमारें १७०० किलोमीटर, म्हणजे मुंबई-दिल्लीपेक्षांही दूर, आणि वाटेंत युगांडा व केनिया हे दोन देश. पूर्वी प्रत्येक सरहद्दीवर मालमोटार दोनदां थांबे: एकदां ह्या बाजूच्या जकातवाल्यांपुढें, एकदां त्या बाजूच्या. मोंबासाहून किगालीस माल येण्यास तीन-तीन आठवडे लागत. ब्रिटन व इतर राष्ट्रांच्या पैशानें २०१० मध्यें सुरू झालेल्या ‘ट्रेडमार्क ईस्ट आफ्रिका’ ह्या संस्थेनें दोन्ही देशांचे कामगार एकाच इमारतींत बसवून एकदांच तपासणी करण्याची व्यवस्था ठिकठिकाणीं उभी करण्यास साहाय्य केलें. पुढें २०१३-१४ पासून पूर्व आफ्रिकेंतील राष्ट्रांनीं जकात बंदरावरच घेण्याचें ठरविलें, आणि तोच प्रवास आठवड्याभरावर आला. उत्पन्न न वाढवितां केवळ खोळंबा कमी केल्यानें शेतकऱ्याच्या पदरीं पैसा पडूं शकतो, ही गोष्ट व्यापाराच्या अभ्यासकांस जितकी उघड, तितकीच इतरांस अपरिचित आहे.

परंतु रस्ता बांधणारा पैसा दोन सरकारांचें सख्य बांधूं शकत नाहीं. रवांडा व युगांडा यांचें बिनसलें, आणि फेब्रुवारी २०१९ मध्यें गातुना येथील मुख्य नाकें बंद झालें. मध्यंतरीं थोडें किलकिलें झालें तरी तें पुनः उघडण्यास ३१ जानेवारी २०२२ उजाडावी लागली. तोंवर मालास टांझानियाकडची दुसरी वाट धरावी लागली.

देणाऱ्याचे दोन हातही नेहमीं एकमतानें चालतात असें नाहीं. स्वतःच्या शिंप्यांस व कापड गिरण्यांस वाव मिळावा म्हणून रवांडानें २०१६ सालीं परदेशी जुन्या कपड्यांवरील जकात किलोमागें २० सेंटांवरून अडीच डॉलरांपर्यंत वाढविली. जुने कपडे विकणाऱ्या अमेरिकन व्यापाऱ्यांनीं तक्रार केली. तेव्हां जुलै २०१८ अखेर अमेरिकेनें रवांडाच्या तयार कपड्यांस आपल्या बाजारांत असलेली जकातमाफी स्थगित केली. ज्या राष्ट्रानें कॉफीचे हौद बांधून दिले त्याच राष्ट्रानें हें केलें. दोन्ही कृत्यें कायद्यास धरून होतीं. पण गरीब देशानें कोणता माल करावा हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्यामुळें सुटला नाहीं.

माराबास पैसा देणारी ती अमेरिकन संस्था १ जुलै २०२५ रोजीं बंद झाली आणि तिचें उरलेलें काम त्या देशाच्या परराष्ट्र खात्याकडे गेलें. त्या दिवशीं रवांडांतील सुगी संपत आली होती. साडेतीन-चार लक्ष कुटुंबें तेथें कॉफी लावतात, प्रत्येकाचीं झाडें कांहीं शेंच. त्यांचीं फळें नेहमींप्रमाणें केंद्रांवर आलीं, धुतलीं गेलीं, मांडवांवर वाळलीं. चव पारखणारे आतां तेथीलच आहेत. रोख पैशाची अडचण मात्र अजून तशीच आहे, आणि ती कोणती बँक कोणत्या व्याजानें भागवील यावर पुढच्या मार्चमध्यें केंद्रें किती फळें घेऊं शकतील हें अवलंबून राहील.