जूं आणि विसावा

लोणारच्या सरोवराचें पाणी जवळून पाहण्यास जो कोणी कांठावरून खालीं उतरतो, त्यास परत वर चढतांना धाप लागल्यावांचून राहत नाहीं. सुमारें पावणेदोन किलोमीटर व्यासाचें हें विवर उल्केच्या आघातानें काळ्या कातळांत पडलेलें आहे. त्याच्या तळाशीं जें पाणी सांचतें त्यास बाहेर जाण्यास वाट नाहीं. तें उन्हानें वाफ होऊन जातें आणि क्षार तेवढे मागें राहतात. म्हणून तें पाणी खारें. परंतु त्याच विवराच्या कांठावर ‘धार’ नांवाचा गोड्या पाण्याचा झरा आहे. चढून दमलेला मनुष्य धारेखालीं हातपाय धुतो, पायरीवर घटकाभर बसतो आणि मग ताजातवाना होऊन आपल्या वाटेस लागतो.

शरीराच्या थकव्याचें हें असें आहे. त्यास पाणी, भाकर आणि झोंप एवढें पुरतें. पण विद्यार्थिमित्रहो, दुसरा एक थकवा असा आहे कीं, रात्रभर झोंप घेतली तरी सकाळीं तो उशाशीं बसलेलाच असतो. तुम्हांस परीक्षेची धास्ती असते. तुमच्या वडिलांस विचाराल, तर ते पावसाची ओढ, कपाशीचा भाव आणि फिटतां न फिटणारें कर्ज ह्यांविषयीं बोलतील. आईस विचाराल, तर ती बहुधा कांहींच सांगणार नाहीं. आणि आमच्या समजुतीप्रमाणें घरांत सर्वांत थकलेली तीच असते. अशा मनांत चिंता येतात, पण जाण्यास वाट नसते. दिवस जातात आणि खारटपणा तेवढा वाढत जातो.

ह्या थकव्यावर ख्रिस्ती धर्म जो विसावा सांगतो तो कोणत्या प्रकारचा, हें थोडक्यांत पाहूं.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. कित्येकांस वाटतें कीं, भक्तिमान् मनुष्यानें थकूंच नये. जुन्या करारांत एलीया संदेष्ट्याची कथा आहे. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळविल्यावर हा शूर पुरुष राणीच्या धमकीनें भिऊन रानांत पळाला, एका झुडपाखालीं बसला आणि देवाजवळ मरण मागूं लागला. देवानें त्याची कानउघाडणी केली काय? नाहीं. त्यास झोंप लागली. मग देवदूतानें त्यास उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाण्याचें भांडें पुढें ठेविलें. तो जेवून पुन्हा निजला, आणि देवदूतानें पुन्हा एकदां जेवूं घातलें. प्रश्नोत्तरें झालीं तीं ह्यानंतर, फार दिवसांनीं. परीक्षेच्या दिवसांत जागरणें करून प्रार्थनेच्या वेळीं डुलक्या घेणाऱ्या मंडळीनें ही कथा एकदां मुळांतून वाचावी.

आतां मुख्य गोष्ट. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ११ व्या अध्यायाच्या शेवटीं प्रभु येशू कष्टी व भाराक्रांत लोकांस आपल्याकडे बोलावितो आणि विसावा देण्याचें वचन देतो. येथवर सर्वांस समजतें. पण लगेच तो म्हणतो कीं, माझें जूं आपणांवर घ्या! थकलेल्या माणसाच्या खांद्यावर आणखी जूं? शहरांतील वाचक येथें अडखळतो. आपल्या वऱ्हाडांतील शेतकऱ्याच्या मुलानें अडखळूं नये.

जूं खांद्यास नीट बसत नसलें, तर अर्ध्या दिवसांत बैलाचा खांदा सुजतो. नीट बसलें, तर तोच बैल तेंच शेत सुखानें नांगरतो. येशू हा नासरेथांतील सुतार. दुसऱ्या शतकांतील जस्टिन नांवाच्या ख्रिस्ती लेखकानें लिहून ठेविलें आहे कीं, तो नांगर व जूं घडवीत असे. तेव्हां हा दृष्टांत त्यानें कोणाच्या ऐकीव माहितीवरून घेतला असें नाहीं. शिवाय जूं दोघांचें असतें. नवा गोऱ्हा शिकवावयाचा असला म्हणजे शेतकरी त्यास जाणत्या बैलाच्या जोडीस जुंपतो. ओढ बहुतेक जाणत्याची, गोऱ्ह्यानें फक्त पावलास पाऊल द्यावयाचें. पोळ्याच्या आदल्या दिवशीं आपण बैलाचे खांदे तुपाहळदीनें मळतों, पण सण सरतांच तो पुन्हा कामास लागतो. प्रभूचा विसावा म्हणजे काम सुटणें नव्हे. आपल्या योग्यतेचा, आपल्या पुण्याचा आणि उद्यांच्या दिवसाचा सारा भार आपण एकट्यानें ओढीत असतों. तें एकटेपण सुटणें, हा तो विसावा.

हें केवळ पुस्तकी बोलणें वाटूं नये म्हणून आपल्याच महाराष्ट्रांत नांवाजलेल्या पंडिता रमाबाईंचें उदाहरण घेऊं. त्यांचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबासह क्षेत्रोक्षेत्रीं पुराणें सांगत फिरत. १८७४ च्या सुमारास अन्नावांचून आईबापांचें व थोरल्या बहिणीचें निधन झालें. मग रमाबाई व त्यांचे बंधु श्रीनिवास हजारों मैल पायीं हिंडलीं. १८७८ त कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या. १८८० त भाऊ वारला, १८८२ त पती वारले. कडेवर एका वर्षाचीही न झालेली मनोरमा, आणि बाईंचें वय अवघें तेवीस!

१८८३ त इंग्लंडांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. येथें थकवा संपला असें लिहिणें आम्हांस सोयीचें झालें असतें. पण तें खरें नाहीं. पुढें स्वतः बाईंनींच कबूल केलें कीं, आपणांस ख्रिस्ती धर्म सांपडला होता, ख्रिस्त सांपडला नव्हता. आधीं व्रतें व यात्रा करून जो भार त्या वाहत होत्या, तोच आतां नव्या नियमांच्या नांवानें वाहत होत्या. तेव्हां हा प्रश्न एका धर्माच्या थोरपणाचा नव्हे. ख्रिस्ती घरांत जन्मलेल्या मुलांनीं तर हें विशेष ध्यानांत घ्यावें. मध्यंतरीं १८८९ त मुंबईस शारदासदन निघालें, नांव झालें, टीकाही पुष्कळ झाली. अखेर विल्यम हॅस्लम नांवाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचें आत्मवृत्त त्यांच्या वाचनांत आलें. ह्या गृहस्थाचें मन १८५१ सालीं स्वतः उपदेश करीत असतांनाच पालटलें होतें! तें वाचून बाईंस आपली स्थिति उमगली. १८९१ च्या सुमारास, कांहीं मिळविण्याचें सोडून त्यांनीं देवाची कृपा आयती घेतली, आणि मनास स्वस्थता आली.

ह्या स्वस्थतेनंतर बाई आरामखुर्चीवर बसल्या नाहींत. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत स्वतः गेल्या व उपाशी मुलींस घेऊन आल्या. केडगांवचें मुक्तिसदन त्यांतूनच वाढलें. मूळ हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनीं पवित्र शास्त्राचें सोप्या मराठींत भाषांतर आरंभिलें. १९२१ च्या जुलैंत मनोरमा गेली. आईनें काम थांबविलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं देह ठेवण्यापूर्वीं तें भाषांतर पुरें झालें होतें, आणि १९२४ त तें केडगांवच्याच छापखान्यांतून बाहेर पडलें.