सातबाऱ्यावर क्षेत्र असतं, हद्द नसते

सेकंड इयरला सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला भर उन्हात रेंजिंग रॉड धरून उभं राहताना प्रत्येकाच्या मनात एकदा तरी येतं, 'याचा पुढे उपयोग काय?' माझ्याही आलं होतं. त्याचं उत्तर मला २०२५ च्या उन्हाळ्यात आमच्याच दारात मिळालं, आणि ते बरंच महाग पडलं.

गावात आमचा ३ गुंठ्यांचा तुकडा आहे, ३३ फूट रुंद आणि ९९ फूट लांब. बाबांनी घर बांधायला काढलं. मी फोनवर विचारलं, "बाबा, मोजणी केली का?" तर म्हणाले, "सातबारा आपल्या नावावर आहे, मोजणी कशाला? उगाच खर्च." पायाचे खड्डे झाले आणि दुसऱ्या दिवशी शेजारचे तात्या येऊन उभे राहिले. "भाऊ, तुमचा खड्डा माझ्यात आलाय." वीस वर्षं एकमेकांकडे चहा पिणारी माणसं, पण त्या दिवशी चहा झाला नाही.

आधी हिशोब समजून घेऊ. आपल्याकडची जुनी मोजणीची साखळी ३३ फुटांची. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे १,०८९ चौरस फूट, हा झाला एक गुंठा. ४० गुंठ्यांचा एकर आणि १६ आण्यांचा गुंठा, म्हणजे एक आणा साधारण ६८ चौरस फूट. आता सातबारा. गाव नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख आणि १२ म्हणजे पिकांची नोंद. जमीन कोणाची आणि किती, हे त्यात कळतं. ती नेमकी कुठून कुठपर्यंत, हे कळत नाही. गटाच्या नकाशावरून फूटपट्टीने काढू म्हणाल, तर १:५००० च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर अडीच मीटर जाडीची होते. तेवढ्यात आपला जिना बसतो!

मग हद्द ठरवायची कोणी? तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयाने. अर्ज करायचा, सोबत ताजा सातबारा (शहरात मिळकत पत्रिका) आणि फीचं चलन. ई-मोजणीवरून अर्ज ऑनलाइनही होतो. तारीख ठरली की लगतच्या कब्जेदारांना नोटिसा जातात. भूकरमापक येऊन प्रत्यक्ष वहिवाट मोजतो, ती मूळ अभिलेखाशी ताडून बघतो आणि हद्दीच्या खुणा दाखवतो. पुढे नकाशाची 'क' प्रत मिळते. कोणाला मोजणी मान्य नसेल तर वरिष्ठांकडून निमताना मोजणी मागता येते, पण तिची फी आणि वेळ वेगळा.

आता मुद्द्याचं, पैसे किती? २०२४ च्या अखेरीस ठरलेल्या दरांप्रमाणे ग्रामीण भागात एका गटातल्या किंवा पोटहिश्शातल्या २ हेक्टरपर्यंत नियमित मोजणीला २,००० रुपये आणि द्रुतगती मोजणीला ८,००० रुपये. महापालिका आणि नगरपालिका हद्दीत १ हेक्टरपर्यंत हेच दर ३,००० आणि १२,००० रुपये. नियमितची मुदत ९० दिवसांची, द्रुतगतीची ३० दिवसांची. बघा, काम तेच, नकाशा तोच. चौपट पैसे आपण फक्त वेळेचे मोजतो. आणि २ हेक्टर म्हणजे जवळजवळ १९८ गुंठे, त्यामुळे ३ गुंठेवाल्याला आणि जवळजवळ पाच एकरवाल्या शेतकऱ्यालाही तेवढीच फी.

खासगी सर्व्हेअर टोटल स्टेशन घेऊन येतो, त्याचं काय? त्याचा दर प्लॉटचा आकार, कोपरे, झाडी आणि चढउतार यावर ठरतो. त्याचं काम वाया जात नाही, पण हद्दीच्या वादात सरकारी मोजणीची जागा ते घेत नाही. उलट 'क' प्रतीत जमिनीचा चढउतार नसतो. रस्त्याची पातळी, झाडं, विहीर, विजेचा खांब, पाणी कुठल्या बाजूला वाहतं, हे आर्किटेक्टला लागतं आणि ते वेगळं मोजावं लागतं. म्हणजे प्लॉटच्या नकाशाचे दोन भाग : हद्द सरकारी मोजणीची, आणि पातळ्या आपल्या. परवानगीसाठी १:५०० चा साइट प्लॅन काढतात, त्यातली सामासिक अंतरं हद्दीपासून मोजतात. हद्दच चुकली की पुढची सगळी मापं चुकली.

घरच्या घरी टेपने मोजणाऱ्यांसाठी दोन आकडे. ३० मीटरची स्टीलची टेप २० अंशांनी तापली तर जेमतेम ७ मिलिमीटर वाढते, ते सोडून द्या. पण दहा टक्के उतारावर टेप जमिनीला टेकवून ३० मीटर मोजलंत, तर आडवं अंतर २९.८५ मीटरच भरतं. १५ सेंटिमीटर गेले! व्हायवाला हे सगळे सांगतात, घरच्या प्लॉटवर कोणी आठवत नाही.

आमचं पुढे काय झालं? द्रुतगती मोजणीचे ८,००० भरले. निकाल आला : तात्या बरोबर होते. जुना बांध कधीतरी सरकला होता आणि आम्ही तोच हद्द धरून चाललो होतो. अडीच फूट गुणिले ९९ फूट, म्हणजे सुमारे २४८ चौरस फूट. साडेतीन आण्यांहून थोडी जास्त जागा. खड्डे बुजवले, नवे काढले, मिस्त्री तोवर दुसऱ्या कामावर गेला. खड्डे, मजुरी आणि वाया गेलेला माल धरून २६,००० रुपये गेले, मोजणीचे वेगळे. एकूण ३४,०००. घराचा प्लॅन सहा महिने घरात फिरत होता. तेव्हाच नियमितचा अर्ज केला असता तर २,००० मध्ये भागलं असतं.

पैशांचं एवढं नाही. हद्दीच्या खुणा रोवल्या त्या संध्याकाळी बाबा स्वतः तात्यांकडे गेले आणि म्हणाले, "चूक माझी होती." तात्या म्हणाले, "तुमची कसली? बांधाची." मग चहा झाला.

पातळ्यांचं काम मात्र मी केलं. ओळखीच्या कंत्राटदाराकडून ऑटो लेव्हल मागून आणली, ३ मीटरच्या जाळीने ४४ बिंदू घेतले. स्टाफ धरायला तात्यांचा नातू होता. एका सकाळीत काम झालं, आणि पावसाचं पाणी आमच्या मागच्या कोपऱ्यात साचणार हे पाया भरायच्या आधी कळलं.

तेव्हा दोस्तांनो, सुट्टीत घरी जाल आणि घरात बांधकामाचा विषय निघेल, तेव्हा आधी एवढंच विचारा : "मोजणी झाली का?" आणि खुणा दाखवताना शेजाऱ्यांना बोलवायला विसरू नका. नोटीस तर जातेच, पण आपण स्वतः जाऊन सांगितलेलं वेगळं असतं.