विश्लेषण : मशीन बंद, तरी वीजबिल चालू, कारखान्यातील हवागळती कशी ओळखायची?

जेवणाच्या सुटीत शॉपमधील सगळी मशीन थांबतात. तरीही कोपऱ्यातील कॉम्प्रेसर दर काही मिनिटांनी घरघरू लागतो. हवा कोणीच वापरत नाही, मग ती जाते कुठे? उत्तर आहे गळती. लहान कारखान्यांचे वीजबिल फुगवणारे हे कारण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

दाबलेली हवा महाग का?

हवा दाबली की तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम लागतो, तेच इथे घडते. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेचा बहुतांश भाग उष्णतेत जातो. टूलपर्यंत काम म्हणून साधारण दहावा हिस्साच पोहोचतो.

नुकसान किती?

७ बार दाबाच्या लाइनला ३ मिलिमीटरचे एक छिद्र असेल, तर तेवढी हवा पुन्हा भरायला तासाला साधारण ३ युनिट वीज लागते. तिन्ही पाळ्या चालणाऱ्या कारखान्यात ३० दिवसांत हे २,१६० युनिट होतात. युनिटला ८ रुपये धरले, तरी महिन्याला १७ हजार रुपये हवेत!

चाचणी कशी करायची?

पिंपरी-चिंचवड, भोसरीत गुरुवारी साप्ताहिक सुटी असते. अशा दिवशी मशीन बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर सुरू करा. लाइन पूर्ण भरली की मोबाइलवर वेळ मोजा. समजा, कॉम्प्रेसर २ मिनिटे लोडवर आणि ६ मिनिटे अनलोडवर राहिला. ८ पैकी २ मिनिटे, म्हणजे गळती २५ टक्के. चार-पाच फेऱ्यांची सरासरी घ्या. व्हीएफडी नसलेल्या, लोड-अनलोड पद्धतीच्या कॉम्प्रेसरसाठीच ही रीत लागू पडते.

उपाय काय?

• कपलर, होस, जॉइंट आणि ड्रेन व्हॉल्व्हवर साबणाचे पाणी लावा; बुडबुडे आले की गळती सापडली.

• टेफ्लॉन टेप, नवीन क्लॅम्प किंवा वॉशर लावून बरीचशी गळती थांबते.

• बंद मशीनकडे जाणारी लाइन व्हॉल्व्हने तोडा.

• टूलला हवा कमी पडते म्हणून दाब वाढवू नका. दाब वाढला की गळतीही वाढते. उलट गळती काढून दाब १ बारने उतरवता आला, तर कॉम्प्रेसरची वीज साधारण ६ ते १० टक्के वाचते.

• एअर गनने कपडे झाडणे बंद करा. त्यात वीज जाते आणि डोळ्यांना इजाही होऊ शकते.

कपलर झिजतात, होस फाटतात. त्यामुळे गळती पुन्हा सुरू होतेच. दर तीन महिन्यांनी हीच चाचणी करून आकडा कॉम्प्रेसरजवळच्या फळ्यावर लिहिला, तर तो वाढताना सगळ्यांनाच दिसेल.