कायद्यात तिचं नाव येईपर्यंत

१ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला आणि भोकरदन तालुक्यातलं राजूर औरंगाबादऐवजी जालन्याला जोडलं गेलं. संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून जाहीर केलेलं वर्षही तेच. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. तरीही राजूरसारख्या गावातल्या अपंग बाईच्या हक्कांचा मागोवा घ्यायचा, तर सुरुवात इथूनच करावी लागते. हक्क दिल्लीत लिहिला जातो. तो सिद्ध करणारा दाखला मात्र जिल्ह्याच्या रुग्णालयातून आणावा लागतो. जिल्ह्याचं ठिकाण जवळ आलं, ही तिच्या दृष्टीनं त्या वर्षाची खरी कमाई.

त्या वर्षीच्या जनगणनेत अपंगांची नोंद झाली, पण पूर्ण अंधत्व, मुकेपण आणि पांगळेपण या तीनच प्रकारांत. १९९१ च्या जनगणनेत तर हा प्रश्नच विचारला गेला नाही. म्हणजे देशानं दहा वर्षांसाठी या माणसांना हिशेबातूनच वगळलं. १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला. नोकऱ्यांत तीन टक्के जागा आल्या, सवलती आल्या. अपंग स्त्रीसाठी वेगळं कलम काही आलं नाही. त्याचे परिणाम २०११ च्या जनगणनेत दिसतात. देशातल्या अपंग पुरुषांपैकी सुमारे ६२ टक्के साक्षर होते, स्त्रियांपैकी ४५ टक्के. अपंग मुलाला निवासी शाळेत घालणारं घर अपंग मुलीला मात्र ‘कुठं पाठवायची हिला एकटीला’ म्हणत चुलीपाशी बसवतं. त्या भीतीला कारण आहे, हेही मान्य करायला हवं.

ते कारण महाराष्ट्रानं १९९४ च्या फेब्रुवारीत पाहिलं. शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. पाळीच्या दिवसांतली स्वच्छता या मुलींना राखता येत नाही, असं कारण देण्यात आलं. स्त्री संघटना रस्त्यावर आल्या, ओरड झाली आणि पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. या चाळीसेक वर्षांतली सर्वांत महत्त्वाची घटना मला हीच वाटते. तिनं उघड केलं की अपंग बाईचं शरीर तिचं स्वतःचं आहे, हेच मुळी कुणी धरून चाललेलं नव्हतं. संस्थेत ठेवलेल्या मुलीला शिकवायला, तिची काळजी घ्यायला माणसं नेमण्यापेक्षा तिचा एक अवयव काढून टाकणं सोपं वाटलं. २००९ मध्ये चंदिगडच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रौढ स्त्रीचा गर्भपातही तिच्या संमतीवाचून करता येणार नाही. आणि संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी शस्त्रक्रिया करू नये, हे अपंगांच्या कायद्यात लिहिलं गेलं २०१६ मध्ये. शिरूरनंतर बावीस वर्षांनी.

सगळंच सरकारवर सोडून कुणी बसलं नव्हतं. ऐन तारुण्यात कमरेखालचं बळ गेलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. त्यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन मराठी घरांत पोचलं. मराठवाड्यातल्या गावांना मात्र कोल्हापूर फार लांब.

२०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले आणि चौथ्या कलमात अपंग स्त्रियांचं नाव घेतलं. जमीनवाटपात आणि गरिबी निर्मूलनाच्या योजनांत पाच टक्के राखीव, त्यातही अपंग स्त्रियांना प्राधान्य, अशी तरतूद झाली. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्रानं दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग काढला. ‘निराधारचा पगार’ म्हणजे दरमहा मिळणारं सरकारी अनुदानही वाढत गेलं.

कागद आता बराच भरला आहे. रस्ता मात्र तोच आहे. अंगारकीला राजुरेश्वर गणपतीच्या दर्शनासाठी लोक जालन्याहून रात्रभर पायी चालत राजूर गाठतात. त्याच रस्त्यानं उलट्या दिशेला अपंग बाईला अपंगत्वाच्या टक्केवारीच्या दाखल्यासाठी जावं लागतं. सोबतीला भाऊ किंवा नवरा हवा, त्याचा रोज बुडतो, आणि एका खेपेत काम होईलच असं नाही. पहिल्या खेपेला नाही झालं, की घर दुसरी खेप टाळतं. दाखला नाही म्हणून ओळखपत्र नाही, ओळखपत्र नाही म्हणून पगार नाही.

गावच्या कारभारातही तिला जागा नाही. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतींतल्या निम्म्या जागा स्त्रियांच्या झाल्या, त्यात अपंग स्त्रीसाठी एकही राखीव नाही. तामिळनाडूनं २०२५ मध्ये स्थानिक संस्थांवर अपंगांना नियुक्त करण्याचा कायदा केला. आपल्याकडेही तो व्हायला हवा. तोवर एक गोष्ट आजच हातात आहे. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. येत्या ग्रामसभेत उठून विचारा: आपल्या गावात तो किती जमला, आणि त्यातला किती बायकांपर्यंत पोचला? विचारताना गावातल्या अपंग बाईला सोबत न्या, आणि पहिल्यांदा तिला बोलू द्या.