दिवाळी ते संक्रांत: फराळाच्या डब्यांचा हिशेब



दिवाळी तोंडावर आली आहे. घराघरांतून निघालेली फराळाची पार्सलं वाटेत असतील, मंडळाच्या कार्यक्रमाची तिकिटंही काढून झाली असतील. अशा वेळी पथ्यपाण्याचा विषय काढणं म्हणजे शुभकार्यात शिंकण्यासारखं आहे, कल्पना आहे. तरी शिंकतो.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, साधा सॉफ्टवेअरवाला आहे. हा फक्त स्वतःचा अनुभव.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत नेहमीची वार्षिक तपासणी केली. वय ३६, उंची १७० सेंमी, वजन ६८ किलो. मला बघून कोणी लठ्ठ म्हणणार नाही. रिपोर्ट आला, एचबीएवनसी ६.१. इथल्या मापाने ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस आणि ६.५ पासून पुढे डायबेटिस. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कोणाला आहे का?"

बाबांना आहे. चाळिशीतच निघाला. तेव्हा त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. आज त्यांच्या दोन्ही डोळ्यांना लेझर करून झालंय, आणि सांगलीच्या घरात सकाळचा पेपर आई त्यांना वाचून दाखवते.

त्या रात्री घरी येऊन वाचायला बसलो. एचबीएवनसी म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे त्याचं प्रमाण. त्यावरून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. थोडक्यात, आपल्या शरीराची लॉग फाइल. आता जानेवारीच्या मध्यापासून तीन महिने मागे मोजा. न्यू इयर, ख्रिसमस, थँक्सगिव्हिंग, दिवाळी. सगळा सीझन त्या एका आकड्यात!

"पण मी तर बारीक आहे" ही आपली नेहमीची पळवाट. त्यावर पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं उदाहरण प्रसिद्ध आहे. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! म्हणूनच अमेरिकन डायबेटिस असोसिएशन आशियाई वंशाच्या लोकांची तपासणी बीएमआय २५ ऐवजी २३ पासूनच करायला सांगते. माझा २३.५ भरला.

दुसरी माहिती २००० सालच्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मधली. १९५ प्रौढांची वजनं घेतली, तर थँक्सगिव्हिंग ते न्यू इयरच्या काळात सरासरी वाढ निघाली फक्त ०.३७ किलो. वाचून हायसं वाटलं. पण पुढचं वाक्य असं, की ही वाढ नंतर उतरत नाही. दरवर्षी थोडी थोडी साठत जाते. आपला सीझन तर त्याच्याही आधी, वसुबारसेला सुरू होतो.

मग गेल्या सीझनमध्ये इंजिनीअरिंग डोकं लावून वहीत सगळं लिहून ठेवलं. काय दिसलं? दिवाळीचे चार दिवस आणि थँक्सगिव्हिंगचं एक जेवण हा खरा घोटाळा नव्हताच. घोटाळा होता मधल्या दिवसांत. रात्री साडेनऊला ऑफशोअर टीमबरोबर कॉल (तिकडे सकाळचे आठ), फोन म्यूटवर आणि हात चिवड्याच्या डब्यात. ऑफिसच्या किचनमध्ये कोणी ना कोणी ठेवलेल्या कुकीज. संध्याकाळच्या चहाबरोबर "एकच" लाडू. सण चार दिवसांचा, पण डबे सहा आठवड्यांचे!

लाडवाचा हिशेबही केला. अर्धा किलो बेसन, पाव किलो तूप, ४०० ग्रॅम पिठीसाखर. बेसनाच्या साधारण १९००, तुपाच्या २२५०, साखरेच्या १६०० कॅलरी. एकूण ५७५०, लाडू झाले ३०. म्हणजे एक लाडू सुमारे १९० कॅलरींचा. खाऊ नये असं नाही, पण तो चहाबरोबरचा तोंडी लावण्याचा पदार्थ नव्हे, ते छोटं जेवण आहे.

तर आमच्या घरी काय बदललं, ते सांगतो:

१) सणाच्या दिवशी मनसोक्त खायचं, अपराधी वाटून घ्यायचं नाही. भाऊबीज झाली की दोन छोटे डबे ठेवून बाकीचा फराळ ऑफिसात आणि शेजारी वाटून टाकायचा.

२) फराळ डब्यातून नाही, वाटीतून. वाटी भरली की डबा परत वरच्या फळीवर. कॉलच्या वेळी टेबलावर फक्त पाणी.

३) पॉटलकला शाकाहारी माणसाच्या पानात पास्ता, ब्रेड, बटाटा आणि वर पाय, म्हणजे सगळा स्टार्च पडतो. म्हणून आम्ही मोडाच्या मटकीची उसळ आणि काकडीची कोशिंबीर घेऊन जातो. आधी ते खायचं, भात-पोळी नंतर. उसळीचं भांडं नेहमी रिकामं परत येतं, हे विशेष.

४) जेवणानंतर पंधरा मिनिटं चालायचं. जेवल्यावर चढणारी साखर त्याने कमी चढते. इथे न्यू जर्सीत डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो, थंडी वेगळीच. म्हणून मॉलमध्ये नाहीतर बेसमेंटमध्ये फेऱ्या. बायको हसली, आता तीही येते.

सगळ्यात अवघड होतं ते आईला सांगणं. ती महिनाभर आधीपासून भाजण्या करते. भीतभीत म्हटलं, "आई, यंदा फराळ अर्धाच पाठव." पलीकडे शांतता. मग म्हणाली, "का रे, आवडत नाही का आता?" तेव्हा रिपोर्टचं सांगावं लागलं. तोपर्यंत लपवलं होतं.

फोन बाबांनी घेतला. म्हणाले, "तिला करू दे, तिचा जीव रमतो त्यात. तू खा, पण मोजून खा. मी मोजलं नाही." एवढंच. आणि फोन परत आईकडे दिला.

पार्सल आलं ते अर्धंच होतं. कडबोळी मात्र नेहमीइतकीच, कारण ती मला आवडतात. आता आई न मोजता देते आणि मोजायचं काम माझं.

यंदा जानेवारीतला आकडा ५.८. अजून रेषेच्या वरच आहे, पण दिशा बरोबर आहे. तुमच्यापैकी ज्यांच्या घरात आईवडिलांना डायबेटिस आहे आणि जे "मी तर बारीक आहे" म्हणत तपासणी टाळताहेत, त्यांनी एवढी एक रक्ततपासणी जरूर करून घ्या. फराळाच्या आधी केलीत तर उत्तम, नंतर केलीत तर जास्त खरी!

शुभ दीपावली.

आपला,
(वाटीतून चिवडा खाणारा) एक न्यू जर्सीकर