उसाचा दर की नफ्याची वाटणी?

मोठ्या संस्था आपल्या वाट्याचा प्राप्तिकर भरतात का, हा प्रश्न निघाला की मला सातारा-सांगलीचे साखर कारखाने आठवतात. आमच्या घरी दिवाळीचा बाजार उसाच्या शेवटच्या हप्त्यावर व्हायचा. वडिलांच्या लेखी ते घामाचे दाम होते. प्राप्तिकर खात्याच्या लेखी मात्र कारखान्याच्या नफ्याची वाटणी.

प्राप्तिकर उलाढालीवर नसतो; खर्च वजा जाता उरलेल्या नफ्यावर असतो. म्हणून केंद्राच्या किमान दरावर दिलेली जादा रक्कम खर्च की नफा, यावर सारे अवलंबून. तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी निवाडा दिला : जादा दरात नफ्याचा जेवढा अंश, तेवढाच करपात्र; बाकीचा खर्च. पुढे २०२३च्या अर्थसंकल्पाने २०१६-१७ या आकारणी वर्षापूर्वीचे असे दर खर्चात धरण्याची मुभा दिली. दिलासा सुमारे १०,००० कोटींचा.

पण दुसरी बाजूही पाहावी. कंपनी नफ्यावर कर भरते, आणि उरलेल्यातून दिलेल्या लाभांशावर भागधारकही भरतो. आमचा हप्ता मात्र खर्चात धरला की कारखान्यात करमुक्त आणि शेतीचे उत्पन्न म्हणून घरातही करमुक्त. उसाचा रास्त दर हा खर्चच, याबद्दल मला शंका नाही. त्यापलीकडची रक्कम कोणती, हे कारखान्याने वार्षिक अहवालात सभासदांना वेगळे दाखवावे. न्याय्य वाटा ठरतो तो तिथेच.